विश्लेषण : मुलाला लांबचे कमी दिसते, हे वेळीच कसे ओळखावे?

फळ्यावरचे नीट दिसत नाही, असे लहान मूल क्वचितच आपणहून सांगते. वहीत चुका दिसू लागतात, ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा येतो, घरी बोलणी बसतात आणि एखादे वर्ष निघून गेल्यावर कळते, की मुलाला चष्म्याची गरज होती. मुरगूडसारख्या निमशहरी गावातही आता मोबाइल, शिकवण्या आणि शिष्यवृत्तीची तयारी यात मुलांचा बराच दिवस जातो. अशा वेळी लघुदृष्टीची पहिली लक्षणे कोणती, घरच्या घरी काय पडताळता येते आणि तपासणी कुठे करून घ्यायची, याचा आढावा.

लघुदृष्टी म्हणजे नेमके काय?

जवळचे स्पष्ट आणि लांबचे अस्पष्ट दिसणे म्हणजे लघुदृष्टी. शाळेच्या पुस्तकात तिला निकटदृष्टिता म्हटले जाते. डोळ्यात शिरणारा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमका एकवटला, तर चित्र स्पष्ट उमटते. मुलांमधील लघुदृष्टीत बहुतेक वेळा डोळ्याचे बुबुळापासून पडद्यापर्यंतचे अंतर गरजेपेक्षा वाढलेले असते. त्यामुळे लांबच्या वस्तूचे चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर धूसर छाप पडते. मोठ्या माणसाच्या डोळ्याची ही लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते. ती एक मिलिमीटरने जरी जास्त वाढली, तरी सुमारे अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो.

नंबर म्हणजे काय, हेही सोप्या हिशेबाने समजते. उणे एक नंबर असेल, तर चष्म्याशिवाय साधारण एक मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. उणे दोन असेल तर अर्ध्या मीटरपर्यंतचे आणि उणे तीन असेल तर जेमतेम फूटभर अंतरापर्यंतचे. म्हणजे उणे दोन नंबरचे मूल मांडीवरचे पुस्तक व्यवस्थित वाचते. पण चौथ्या बाकावरून फळा त्याला पुसटच दिसतो. ‘घरी तर बारीक अक्षरसुद्धा वाचतो, मग डोळे कसे खराब असतील?’ असे पालकांना वाटते, ते यामुळेच. जवळचे उत्तम दिसणे हे डोळे निरोगी असल्याचा पुरावा नव्हे.

मूल स्वतः का सांगत नाही?

कारण तुलनेला त्याच्याकडे काहीच नसते. नजर हळूहळू, काही महिन्यांत उतरते. सगळ्यांनाच असेच दिसते, अशी मुलाची समजूत असते. काही मुले शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतात, काही पुढच्या बाकावर जागा धरतात, तर काही शिक्षकांच्या बोलण्यावरून अंदाजाने लिहितात. हुशार मूल हे इतक्या सफाईने निभावते, की त्याचा त्रास लक्षातच येत नाही. जे मूल निभावू शकत नाही, ते मागे पडते आणि त्याच्यावर ‘ढ’ किंवा ‘आळशी’ असा शिक्का बसतो.

दुसरी अडचण एकाच डोळ्याची. एक डोळा चांगला आणि दुसरा कमजोर असेल, तर दोन्ही डोळे उघडे असताना मुलाला काहीच कमी जाणवत नाही. लहान वयात असा कमजोर डोळा वापरलाच गेला नाही, तर मेंदू त्याच्याकडून येणारे चित्र हळूहळू मनावर घेईनासा होतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. त्यावरचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर सर्वांत चांगले लागू पडतात. उशीर होईल तसा फायदा कमी होतो. त्यामुळे शाळेत घालण्यापूर्वी एकदा प्रत्येक डोळ्याची वेगवेगळी तपासणी होणे महत्त्वाचे ठरते.

सुरुवातीची लक्षणे कोणती?

एखादे लक्षण एखाद्या दिवशी दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण खालीलपैकी दोन-तीन गोष्टी आठवडाभर सतत दिसत असतील, तर तपासणी पुढे ढकलू नये.

घरात :
• टीव्ही बघताना मूल पुन्हा पुन्हा पुढे सरकते. मागे बसवले तरी थोड्या वेळाने पुढेच असते.
• लांबचे बघताना डोळे बारीक करते. पापण्यांची फट अरुंद केली, की धूसरपणा थोडा कमी होतो. मूल ही युक्ती नकळत शिकते.
• मान तिरकी करून किंवा एक डोळा झाकून बघते.
• पुस्तक किंवा मोबाइल नाकाजवळ धरते.
• वारंवार डोळे चोळते, पापण्यांची उघडझाप करते, संध्याकाळी कपाळ दुखते म्हणते.

शाळेत :
• फळ्यावरून उतरवताना अक्षरे, आकडे, अधिक-उण्याची चिन्हे चुकतात. तोंडी विचारले तर तेच उत्तर बरोबर येते.
• पुढे बसवले की वही सुधारते, मागे बसवले की बिघडते.
• इतरांचे लिहून संपले तरी याचे अर्धेच झालेले असते.

बाहेर :
• एसटीची पाटी गाडी अगदी जवळ आल्यावरच वाचता येते. बरोबरचे मित्र लांबूनच गाव ओळखतात.
• क्रिकेटमध्ये झेल उशिरा टिपतो किंवा चेंडू जवळ येईपर्यंत दिसत नाही.
• रस्त्यापलीकडून हात करणारे ओळखीचे माणूस ओळखत नाही.
• दिवस मावळल्यावर लांबचे आणखी कमी दिसते.

यातील शेवटच्या लक्षणाची गल्लत रातांधळेपणाशी होते. अंधुक प्रकाशात बाहुली मोठी होते आणि लघुदृष्टीचा धूसरपणा वाढतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा रातांधळेपणा वेगळा. दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने अंदाज न करता तपासणी करून घेणे बरे. डोळे चोळणे आणि डोकेदुखी यांचीही अनेक कारणे असतात. ॲलर्जीमुळेही मुले डोळे चोळतात. त्यामुळे या लक्षणांवरून घरी निदान करू नये. ती तपासणीची सूचना समजावी.

घरी पडताळणी कशी करता येईल?

भिंतीवरचे तारखांचे कॅलेंडर यासाठी पुरेसे आहे. दिवसाच्या चांगल्या उजेडात ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. आई, वडील किंवा मोठे भावंड यांपैकी ज्याची नजर चांगली आहे, त्याने सुमारे दहा फुटांवर उभे राहून कोणत्या आकाराची अक्षरे सहज वाचता येतात, ते पाहावे. मग मुलाला त्याच जागी उभे करावे. आधी दोन्ही डोळ्यांनी, नंतर एक-एक डोळा झाकून तीच अक्षरे वाचायला सांगावीत.

डोळा झाकताना तळहाताचा खळगा वापरावा. डोळ्यावर दाब देऊ नये आणि बोटांच्या फटीतून बघू देऊ नये. मूल डोळे बारीक करत नाही ना, पुढे झुकत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी अक्षरे बदलावीत, नाही तर मूल पाठ झालेले सांगते. वाचता न येणाऱ्या मुलाला चित्रे दाखवावीत किंवा बोटे मोजायला लावावीत.

दोन डोळ्यांत फरक जाणवला किंवा मोठ्यांना सहज दिसणारे मुलाला दिसले नाही, तर तपासणीला न्यावे. मात्र सगळे वाचता आले म्हणजे डोळे ठणठणीत, असा निष्कर्ष काढू नये. डॉक्टरांकडे ज्या तक्त्यावर तपासणी होते, तो सहा मीटरवरून, म्हणजे सुमारे वीस फुटांवरून, वाचायचा असतो. हरमन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये असा तक्ता तयार केला. ‘सहा बाय सहा’ नजर म्हणजे सामान्य नजरेला सहा मीटरवरून जे दिसते, ते सहा मीटरवरूनच दिसणे. ‘सहा बाय अठरा’ म्हणजे इतरांना अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर वाचायला या मुलाला सहा मीटरवर यावे लागणे.

कोणत्या मुलांकडे अधिक लक्ष द्यावे?

आई किंवा वडील यांपैकी एकाला लघुदृष्टी असेल, तर मुलाला ती होण्याची शक्यता वाढते. दोघांनाही असेल तर आणखी वाढते. मात्र आनुवंशिकता नसलेल्या मुलांनाही ती होते. बहुतेक मुलांत तिची सुरुवात शाळकरी वयात, साधारण सहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान होते. जितक्या लहान वयात ती सुरू होते, तितका नंबर वाढायला जास्त वर्षे मिळतात आणि शेवटचा नंबर मोठा होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच दुसरी-तिसरीतल्या मुलाचा लहानसा नंबरही दुर्लक्षित करू नये. मुदतीपूर्वी जन्मलेली मुले, तिरळेपणा असलेली मुले आणि ज्यांच्या भावंडांना चष्मा आहे अशी मुले यांचीही लवकर तपासणी व्हावी.

प्रमाण खरेच वाढते आहे का?

ब्रायन होल्डन व्हिजन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०५० पर्यंत जगातील निम्म्या लोकांना लघुदृष्टी असेल. सन २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. भारतात दिल्लीतील ‘एम्स’च्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांची मोठी पाहणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९ हजार ८८४ मुले तपासली गेली आणि १३.१ टक्के मुलांत लघुदृष्टी आढळली. रोज पाच तासांपेक्षा जास्त वाचन-अभ्यास करणाऱ्या, तसेच टीव्ही आणि मोबाइल खेळांत जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांत ती अधिक दिसली. रोज दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर घालवणाऱ्या मुलांत ती कमी होती.

करोनाकाळाने आणखी एक इशारा दिला. चीनच्या शांडोंग प्रांतातील मुलांच्या तपासणीत, २०२० मध्ये सहा वर्षांच्या मुलांतील लघुदृष्टीचे प्रमाण २१.५ टक्के आढळले. आधीच्या पाच वर्षांत ते कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. मुले महिनोन्‌महिने घरात आणि पडद्यासमोर राहिली, त्याचा हा परिणाम असल्याचे संशोधकांचे मत आहे.

गावातली मुले तर बाहेरच असतात ना?

हा समज आता पूर्णपणे खरा उरलेला नाही. वेदगंगेकाठी शेतीवाडी आणि मोकळे रान असले, तरी मुलांचा दिवस सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी आणि रात्री मोबाइल असा जातो. शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी करणारी चौथी-पाचवीची मुले तर नेमक्या त्याच वयात तासन्‌तास पुस्तकात डोके घालून बसतात, ज्या वयात लघुदृष्टी सुरू होते. अभ्यास बंद करावा, असा याचा अर्थ नाही. त्याच्या जोडीला उन्हातला वेळ राखून ठेवावा, इतकाच आहे.

यात खेळापेक्षा उजेड महत्त्वाचा आहे. घरातल्या किंवा वर्गातल्या प्रकाशाची तीव्रता काहीशे लक्स असते. बाहेर सावलीतही ती कित्येक पटींनी जास्त असते आणि भर उन्हात काही दहा हजारांवर जाते. तीव्र प्रकाशात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन हे रसायन जास्त स्रवते आणि ते डोळ्याची लांबी वाढण्याला आवर घालते, असे मानले जाते. कुस्तीचा नाद असलेल्या या भागात हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तालमीच्या बंद खोलीत भल्या पहाटे काढलेल्या जोर-बैठका शरीर कमावतात. पण डोळ्यांना दिवसाचा उजेड त्यातून मिळत नाही. त्यासाठी मैदान, शेत, अंगण किंवा शाळेपर्यंत चालत जाणे हवे.

चीनमधील ग्वांगझू येथे काही शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा बाह्यतास ठेवण्यात आला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी झाली. नेहमीच्या शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटे बाहेर राहण्याचा कार्यक्रम शाळांत सुरू केला. तेथे नजर कमी असलेल्या प्राथमिक शाळेतील मुलांचे प्रमाण २०११ मध्ये ५० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते, ते २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आले. वर्षानुवर्षे चढत गेलेला आलेख खाली वळला, तो मुख्यतः उजेडाच्या जोरावर.

मुरगूड परिसरात तपासणी कुठे करावी?

पहिला टप्पा शाळेतलाच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी करतात. दृष्टिदोष हा त्यातील एक भाग आहे. पथक शाळेत आले त्या दिवशी मूल गैरहजर असेल, तर त्याची तपासणी राहून जाते. अशा वेळी पालकांनी मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी दप्तरात पडून राहणार नाही, हेही पाहावे.

पुढचा टप्पा मुरगूडच्या ग्रामीण रुग्णालयाचा. डोळे तपासणारे कर्मचारी कोणत्या वारी असतात, हे आधी विचारून जावे, म्हणजे हेलपाटा होत नाही. पुढील तपासणीसाठी कोल्हापूरचे सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. १९७६ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी आणि गरजूंना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. त्याविषयी शाळेत आणि सरकारी रुग्णालयात जरूर विचारावे.

एक गट मात्र या जाळ्यातून नेहमी निसटतो. साखर कारखान्यांच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे या भागात येतात. त्यांची मुले गावच्या शाळेत पथक येते तेव्हा इकडे असतात आणि इकडच्या शाळेच्या पटावर अनेकदा नसतात. त्यांच्या नजरेची चौकशी कोणीतरी मुद्दाम केली, तरच होते.

डोळ्यांत थेंब घालून का तपासतात?

मुलांच्या डोळ्यातील भिंगाला आकार बदलण्याची मोठी ताकद असते. तपासणीच्या वेळी मुलाने नकळत डोळ्यांवर ताण दिला, तर नंबर खोटा किंवा जास्त येऊ शकतो. थेंबांमुळे ही हालचाल काही काळ थांबते आणि खरा नंबर कळतो. त्यानंतर काही तास किंवा औषधानुसार त्याहून जास्त काळ जवळचे पुसट दिसते आणि उजेड सहन होत नाही. हा परिणाम तात्पुरता असतो. मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी अशी तपासणी ठेवू नये. केवळ संगणकावर काढलेल्या नंबरवरून लहान मुलाचा पहिला चष्मा करू नये.

चष्म्याबद्दलचे कोणते समज चुकीचे?

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हा सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज. नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. वाढत्या वयात चप्पल लहान होते, तसाच हा प्रकार. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्याने वाढ थांबत नाही. मलेशियातील मुलांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढला.

गाजर, पालेभाज्या आणि तूप आरोग्याला चांगले. पण त्याने लांबलेला डोळा आखूड होत नाही. डोळ्यांच्या व्यायामानेही नंबर जात नाही. ‘मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाला अडचण येईल’ या भीतीने तपासणी टाळणारी घरे आजही आहेत. त्यात नुकसान त्या मुलीच्या शिक्षणाचेच होते. चष्मा लागल्यावर तो वर्गात डब्यात राहत नाही ना, हे शिक्षकांनी पाहावे. चष्म्यावरून चिडवणाऱ्या मुलांना वेळीच समज दिली, तर अर्धे काम होते.

नंबर वाढणे थांबवता येते का?

पूर्ण थांबवणे शक्य नाही. वेग कमी करता येतो. कमी तीव्रतेच्या ॲट्रोपिनचे थेंब हा एक उपाय. हाँगकाँगमधील चाचणीत ०.०१ ते ०.०५ टक्के तीव्रतेच्या थेंबांनी नंबर वाढण्याचा वेग घटला, ०.०५ टक्क्यांचा परिणाम सर्वाधिक होता. मुलांसाठी खास रचनेच्या चष्म्याच्या काचाही आता मिळतात. हाँगकाँगमधीलच दोन वर्षांच्या चाचणीत अशा एका प्रकारच्या काचांनी वाढीचा वेग सुमारे निम्म्यावर आणला. हे उपाय खर्चिक असू शकतात आणि प्रत्येक मुलाला लागतातच असे नाही. थेंब तर नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय कधीही वापरू नयेत.

घरातले उपाय बिनखर्चाचे आहेत. रोज दोन तास दिवसाच्या उजेडात बाहेर. कोपरापासून बोटांपर्यंतचे अंतर ठेवून वाचन. अर्ध्या तासाने पुस्तकातून मान वर काढून खिडकीबाहेर लांब बघणे. झोपून किंवा अंधारात मोबाइल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार, एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. जेवण भरवताना हातात मोबाइल देण्याची सवय येथेच मोडायला हवी.

तातडीने कधी जावे?

बाहुलीत पांढरी चमक दिसणे, अचानक तिरळेपणा येणे, नजर एकाएकी कमी होणे, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे किंवा काळे ठिपके दिसणे, डोळ्याला मार लागणे, यांपैकी काहीही झाले तर चष्म्याच्या दुकानात नव्हे, थेट नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे. उणे सहाच्या पुढे नंबर गेलेल्यांना पुढील आयुष्यात पडदा निसटणे, काचबिंदू आणि पडद्याच्या मध्यभागाची झीज यांचा धोका जास्त असतो. मोठा नंबर असलेल्या मुलाने कुस्ती, कबड्डीसारखे डोक्याला हिसके बसणारे खेळ खेळण्यापूर्वी पडद्याची तपासणी करून घ्यावी.

एकदा चष्मा लागला की साधारण दर सहा महिन्यांनी नंबर तपासावा. चष्मा नसलेल्या मुलाची वर्षातून एकदा, शक्यतो जूनमध्ये शाळा सुरू होताना तपासणी करावी. दप्तर, गणवेश आणि वह्यांच्या यादीत डोळ्यांच्या तपासणीची एक ओळ वाढवली, तर वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलालाही फळा पहिल्या दिवसापासून स्पष्ट दिसेल.